दसऱ्याच्या पहाटेचा शो

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. दसरा. पहाटे उठले. आभाळ ढगाळ. दाराला झेंडूचं तोरण कालच लावून ठेवलं होतं. सत्यशीलेबरोबर पहाटेच्या शोला टॉकीजमध्ये गेले. तिथूनच नागपूरच्या दोन बसगाड्या सुटल्या. सिनेमात शिट्टी वाजवायचा प्रयत्न केला, नुसती हवा आली. दुपारी झोप. संध्याकाळी शेजारची मंडळी सोनं द्यायला आली. सिनेमाच्या शेवटाबद्दल कोणाला एक अक्षर सांगितलं नाही.

वहीतल्या नोंदीचं हे शेवटचं वाक्य लिहिताना मला फार कष्ट पडले, कारण सांगायची हौस घशापर्यंत आली होती. पण सत्यशीलेला वचन दिलं होतं. ती कोण हे आधी सांगते.

सत्यशीला एसटीत कंडक्टर होती. महामंडळाने बायकांना कंडक्टर म्हणून घ्यायला सुरुवात केली, त्या सुरुवातीच्या बायकांपैकी ती एक. वणी ते यवतमाळ ही तिची नेहमीची गाडी. आमची ओळख भांडणातून झाली. मी यवतमाळला निघाले होते आणि मला पुढे ऐसपैस जागा असलेली, दाराजवळची छान सीट मिळाली होती.

"मॅडम, वाचता येते का?" डोक्यावर आवाज आला.

"येतं की."

"मंग वरतं काय लिव्हलं हाये ते वाचा."

वर 'वाहक' असं लिहिलं होतं. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटात झालेलं, मराठी मी घरी वर्तमानपत्रावरून शिकले. मी म्हटलं, "वाहक म्हणजे ओझं वाहणारा ना? माझ्याजवळ दोन पिशव्या आहेत."

गाडीतली सगळी माणसं हसली. सत्यशीला हसली नाही. तिने माझ्या दोन्ही पिशव्या उचलल्या, मागच्या सीटवर ठेवल्या, मला त्यांच्या शेजारी बसवलं आणि तिकीट फाडून हातात दिलं. राळेगावजवळ कधीतरी ती एकटीच खिडकीकडे तोंड करून खुसूखुसू हसताना मला दिसली. तेव्हापासून आम्ही मैत्रिणी.

माझे यजमान गेले त्या वर्षी ती एकदा दुपारी घरी आली. मी अंधार करून बसले होते. "अंधारातच बसाचं हाये त टॉकीजच्या अंधारात बसा, नलूबाई," ती म्हणाली आणि मला मारामारीच्या सिनेमाला घेऊन गेली. आयुष्यातला तो माझा पहिला तसला सिनेमा. पडद्यावर पूल पडत होते, मोटारी उडत होत्या, आणि आवाज एवढा होता की मला माझे विचार ऐकू येईनात. फार बरं वाटलं. तेव्हापासून मी तिच्याबरोबर जाते.

आमच्या वणीत नव्या सिनेमाचं परीक्षण वर्तमानपत्रात कोणी वाचत नाही. पहिल्या दिवसाचा पहिला शो सुटला की सत्यशीला बबनरावांच्या टॉकीजच्या पायऱ्यांवर उभी राहते आणि घराच्या किल्लीने लोखंडी कठड्यावर टोले देते. एसटीच्या घंटीचाच नियम. एक टोला म्हणजे थांब. दोन टोले म्हणजे जाऊ दे, आत चला. पुढच्या शोची रांग कान टवकारून उभी असते. एक टोला पडला की निम्मी रांग समोर फुलचंदच्या पानठेल्यावर जाते आणि बबनराव डोक्याला हात लावतात.

मग ती कारणं सांगते. तीही तिच्याच भाषेत. "हिरोईन म्हंजे जादा गाडी हाये. गरज नसतानी सोडली." किंवा, "आधी एक्सप्रेस होती, मंग हात दाखवा गाडी थांबवा झालं. हरेक फाट्यावर गाणं."

तिचे यजमान डोमाजी कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले आहेत. तेही प्रत्येक सिनेमाला येतात, पण झोपायला. घरापेक्षा टॉकीजमध्ये गार वाटतं असं त्यांचं मत. स्फोट सुरू झाले की त्यांना गाढ झोप लागते. आयुष्य खाणीच्या सुरुंगाजवळ काढलं म्हणून असेल.

आता मुद्द्याचं. तीन वर्षांपूर्वी 'रणतोफ' नावाचा सिनेमा आला होता. त्याच्या शेवटी हिरो रेल्वेच्या पुलाला एका हाताने लोंबकळत असतो, आणि वर उभा असलेला खलनायक तोंडावरचा मुखवटा काढायला हात लावतो. तेवढ्यात पडदा काळा. सत्यशीला तेव्हा खुर्चीवरून उठली ती मुठी आवळूनच. मुखवट्यामागे कोण? तीन वर्षं आम्ही याचा काथ्याकूट केला. माझं मत, हिरोचा हरवलेला भाऊ. फुलचंद पानवाल्याचं मत, हिरोचा साहेब. सत्यशीलेचं मत, हिरोची आई.

"आई कशी असेल?" मी विचारायची.

"काहून नसन? त्याले लहानपणापासून जेवाले काहून बलावत नाही कोणी, सांगा बरं? साऱ्या पिक्चरमंधी पोरगं उपाशी हाये."

दुसरा भाग २ ऑक्टोबरला येणार अशी पाटी लागली, तेव्हा सत्यशीलेने कॅलेंडर काढून पाहिलं आणि थेट माझ्या घरी आली. त्या दिवशी दसरा. म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन. त्या दिवशी ती दीक्षाभूमीला जाते. तिच्या सासऱ्यांनी छप्पन साली तिथे दीक्षा घेतली होती, आणि लग्न झाल्यापासून तिचा हा दिवस कधी चुकलेला नाही. नोकरीत असताना ती त्या दिवसासाठी रजा साठवून ठेवायची.

"नागपूर त मी सोडत नाही," ती म्हणाली. "पर परत येईपर्यंत सारं गाव पिक्चर पाहून बसन. एसटी स्टँडवर उतरल्या उतरल्या कोणी ना कोणी सांगीन, मुखवट्याच्या मागं अमुक हाये म्हणून. तीन वर्सं थांबली मी, नलूबाई. मले ते माह्या डोयानं पाहाचं हाये."

आम्ही दोघी बबनरावांकडे गेलो. तिकीटखिडकीमागच्या खोलीत ते आणि फुलचंद चहा घेत होते.

"बबनभाऊ, हे तारीख कोनं ठरवली?" सत्यशीलेने उभ्याउभ्याच विचारलं.

"मुंबईवाल्याईनं. माह्या हातात काय हाये, बाई?"

"तुमी आपल्या इथं आठ दिवसानं लावा. दसऱ्याले अर्धं गाव नागपूरले जाते."

"उरलेलं अर्धं येईन ना! खदानवाल्याईचा बोनस आताच झाला. खिसे गरम हाये तवरच पिक्चर चालते."

"ज्याईचे खिसे गरम हाये ते माह्यासंगं नागपूरले चालले!"

फुलचंदने मध्ये तोंड घातलं. "मी त म्हणतो दिवाईनंतर लावा. सोयाबीन काढून राह्यले सारे. थ्रेशर सोडून कोण येते मारामारी पाहाले? थ्रेशरवर का कमी मारामारी असते?"

"दिवाईपर्यंत साऱ्याईच्या मोबाईलमंधी येऊन जाईन," बबनराव तडकले. "मंग मी पडद्यावर कापूस वाळू घालू का?"

"तसाबी तुमचा पडदा कापसासारखाच झाला हाये, जागोजागी बोंडं फुटल्यावानी," सत्यशीला म्हणाली.

पडद्याचं नाव काढल्यावर बबनराव पेटलेच. आवाज एवढे चढले की तिकीट काढायला आलेला एक माणूस आत सिनेमा सुरू झाला असं समजून दार ढकलून आला. तेव्हा मी बोलले. शाळेत सिस्टर आम्हाला पहाटे अंधारात प्रार्थनेला न्यायच्या. त्या वेळी माणूस अर्धवट झोपेत असतो आणि कशालाही नाही म्हणत नाही. मी म्हटलं, "दिवस बदलत नसेल तर वेळ बदला. पहाटे एक शो लावा. तो पाहून लोक इथूनच नागपूरला जातील."

मग सत्यशीलेने टेबलावर थाप मारली. "टॉकीजच्या दारातून गाडी! नलूबाई, तुमी मंत्री पाहिजे होत्या!"

पुढचं सगळं तिने केलं. डेपोत जाऊन दोन गाड्या ठरवल्या. एका गाडीवर देवीलाल ड्रायव्हर मागून घेतला, जो तिच्याबरोबर वर्षानुवर्षं चालला होता. गाड्या सुटायची वेळ तिनेच ठरवली, आणि इथेच तिची चूक झाली. एसटीत मागच्या फेरीला किती वेळ लागला ते पाहून पुढच्या फेरीची वेळ लावतात. तिने पहिल्या भागाची लांबी धरून दुसऱ्या भागाची वेळ लावली. कोणाला विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

दसऱ्याच्या पहाटे टॉकीजसमोर जे दृश्य होतं ते मी कधी विसरणार नाही. सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत, पुरुष पांढऱ्या कपड्यांत, हातात डबे आणि पाण्याच्या बाटल्या. बाजूला दोन लाल गाड्या. देवीलाल दारात उभा राहून प्रत्येकाला बजावत होता, "वेळेवर निघाचं बरं! तिकडं गर्दी झाली की गाडी लय दूर थांबवते. म्हाताऱ्या बायाईले पायी चालत जा लागते."

"मी हाये ना," सत्यशीला म्हणाली. "माही गाडी कधी लेट सुटली का?"

"तुमची नाही सुटली, बाई. पर पिक्चरची गाडी माह्या ओळखीची नाही."

आत सगळे बसल्यावर पांढऱ्या कपड्यांवर पडद्याचा उजेड असा पडला की सगळं थिएटरच उजळलं. पडदा दोन आहेत असं वाटत होतं, एक समोर आणि एक आम्ही. पडद्यावर आग लागली की आम्ही सगळे नारिंगी, समुद्र आला की निळे. डोमाजी पाट्या पडायच्या आधीच झोपले.

हिरो पुलाला लोंबकळतच होता. तीन वर्षांत दाढीसुद्धा वाढलेली नव्हती. बोटं सुटतात, तो खाली पडायला लागतो, सगळं थिएटर श्वास रोखून, आणि खालून एक मालगाडी येते. हिरो धप्पकन पडतो तो कोळशाने भरलेल्या डब्यात, वाघिणीत!

वणीच्या टॉकीजमध्ये हे घडल्यावर काय झालं असेल ते सांगायलाच नको. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. "आपला कोयसा!" कोणीतरी ओरडलं. "वणीचा माल हाये, काही होत नाही त्याले!" फुलचंद मागून किंचाळला. मी दोन बोटं तोंडात घातली आणि जोर लावला. सत्यशीलेच्या मानेवर फक्त वारा गेला. "पंक्चर झालं का हो?" ती म्हणाली आणि हसता हसता माझ्या खांद्यावर पडली.

मध्यंतर होणार नाही असं तिचं आणि बबनरावांचं ठरलं होतं. पण भज्यांचं तेल तापल्याचा वास आत आला आणि दिवे लागले. "सकाई सकाई लोक उपाशी हाये, बाई," बबनराव दारातून म्हणाले. मिरचीभजी फार चांगली होती, हे मान्य केलं पाहिजे. पण तिथे वेळ गेला. मग सिनेमा पुन्हा सुरू झाला आणि संपायचं नावच घेईना. हिरोने डंपर पळवला, विमान पाडलं, एका माणसाला पोकलेनने उचलून नदीत टाकलं. सत्यशीला दर थोड्या वेळाने घड्याळाकडे पाहायला लागली.

शेवटी पुन्हा तो पूल आला. पुन्हा खलनायक. त्याने मुखवट्याला हात लावला आणि तसाच उभा राहून लांबलचक भाषण सुरू केलं.

बाहेर देवीलालने हॉर्न दिला.

मी तिच्याकडे पाहिलं. तिची नजर पडद्यावर, आणि हात पिशवीच्या बंदावर.

"पाच मिनिटं बस," मी म्हटलं. "थांबेल तो."

"पाच मिनिटं, पाच मिनिटं करूनच गाड्या लेट होते. जलमभर मीच लोकाईले हे सांगत आली."

हॉर्न पुन्हा वाजला. ती उठली. पडद्याकडे पाठ करून थिएटरकडे वळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "नागपूरवाले, चला!" आणि किल्लीने खुर्चीच्या लोखंडावर दोन टोले दिले.

एकही माणूस कुरकुरला नाही. सगळे उठले आणि दाराकडे निघाले, पण उलटे! पडद्यावरून नजर न काढता, एकमेकांच्या पायांवर पाय देत, मागे मागे चालत. शंभर पांढरे कपडे पाठमोरे दारातून बाहेर. डोमाजींना कोणीतरी हलवलं. "झालं का?" त्यांनी विचारलं. "नाही झालं, चाला," सत्यशीला म्हणाली. "बरं," म्हणून ते समाधानाने निघाले.

जाता जाता तिने किल्ली माझ्या हातात कोंबली. "टोले तुमी द्या. पर मले शेवट सांगू नका. गावातल्या कोणाले सांगू देऊ नका. उद्या दुपारी मी येते पाहाले." आणि तीसुद्धा उलटी चालत बाहेर गेली. तिच्या तोंडासमोर दार बंद झालं आणि मग खलनायकाने मुखवटा काढला.

शो सुटला तेव्हा पुढची रांग फाटकापर्यंत गेली होती. मी पायऱ्यांवर उभी राहिले. शहात्तराव्या वर्षी लोक माझ्या हाताकडे पाहताहेत, ही भावना मला नवीन होती.

"आजी, काय मंग? मुखवट्यामागं कोण हाये?"

मी किल्ली उचलली. शेवटाचं मला काय वाटलं ते एक, आणि कोळशाच्या वाघिणीचं दुसरं. मी वाघीण आठवली आणि दोन टोले दिले. रांगेने आरडाओरडा केला. मग मी, शाळेत वक्तृत्वाच्या वेळी काढायची तसा आवाज काढून म्हटलं, "सत्यशीलाबाई नागपूरला गेल्या आहेत. त्या उद्या दुपारी पाहतील. तोपर्यंत शेवट कोणी उच्चारायचा नाही."

फुलचंद ठेल्यावरून ओरडला, "जो बोलन त्याचा खर्रा बंद!"

तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद होणं, वणीत याहून मोठी शिक्षा नाही. लोकांनी ते गंभीरपणे घेतलं.

शुक्रवारी सकाळी सत्यशीला किल्लीचं विचारायला आली. किल्ली माझ्याकडे, म्हणजे रात्री ती घरात कशी गेली? "डोमाजीले भिंतीवरून टाकलं," ती म्हणाली. "पयल्यांदा जागा राहून काही काम केलं त्यानं." पण तिच्या चेहऱ्यावर काळजी होती. "नलूबाई, गावात कोणी गेलं का? दूधवाला बोलला नाही. भाजीवाली तोंडावर पदर घेऊन बसली. फुलचंदभाऊनं मले पाहून पाठ केली."

"जेवण कर आणि चल," मी म्हटलं.

दुपारच्या शोला जाताना तिने मला नागपूरची सगळी हकिगत सांगितली. गाडी वेळेवर पोचली, सगळ्यांचं दर्शन झालं, कोणाला फार चालावं लागलं नाही. पण जाताना आणि येताना दोन्ही गाड्यांत एकच विषय होता. एका गाडीतल्यांनी एक शेवट रचला, दुसरीतल्यांनी दुसरा. जाम गावच्या नाक्यावर चहाला थांबल्यावर भांडण झालं आणि शेवटी मतदान. सत्यशीलेची 'हिरोची आई' जिंकली. ती मुखवटा काढते, हिरोच्या कानाखाली एक देते आणि म्हणते, "तीन वर्सं पुलाले लटकून राह्यला, घरी सांगाची रीत हाये का नाही?" मग त्याला घरी नेऊन झुणका-भाकर वाढते. देवीलालने त्यात भर घातली की मालगाडीचा ड्रायव्हर हिरोचा बाप असतो.

आम्ही बसलो. कोळशाची वाघीण आली तेव्हा ती उठून उभी राहिली. पूल आला. खलनायकाने मुखवट्याला हात लावला. तिने माझा हात धरला, एवढा घट्ट की बांगडी रुतली. मुखवटा निघाला.

आत दुसरा मुखवटा होता. लाल रंगाचा. आणि खाली अक्षरं, तिसरा भाग लवकरच.

दिवे लागले. सत्यशीला माझ्याकडे वळली.

"तुमी याले दोन टोले देल्ले?"

"दिले."

"कायले?"

"कोळशाच्या वाघिणीसाठी."

मला वाटलं आता आमची मैत्री संपली. मग तिचे खांदे हलायला लागले. राळेगावजवळ हलले होते तसेच, पण या वेळी तिने तोंड दुसरीकडे वळवलं नाही. ती हसली, मी हसले, आणि डोमाजी दचकून उठले व विचारू लागले की आता तरी झालं का.

पायऱ्यांवर गर्दी वाट पाहत होती. फुलचंद ठेला सोडून आला होता. इतका वेळ तोंड बंद ठेवल्यामुळे सगळ्यांचे चेहरे फुगल्यासारखे दिसत होते. सत्यशीलेने कठड्यावर दोन टोले दिले.

"पाहा," ती म्हणाली. "पर खलनायकानं मुखवट्याले हात लावला की उठाचं अन् इथं याचं. त्याच्या पुढचा शेवट वणी-नागपूर गाडीत झाला हाये. तो मी सांगते."

संध्याकाळच्या शोला लोक खरोखर उठले. मुखवट्याला हात लागताच सगळे बाहेर, पायऱ्यांवर. पडद्यावर लाल मुखवटा एकट्या डोमाजींसाठी निघाला, आणि तेही झोपलेले. बाहेर सत्यशीला हिरोच्या कानाखाली देत होती आणि लोक शिट्ट्या मारत होते. देवीलालला पुढे ओढून मालगाडीचा ड्रायव्हर करण्यात आलं. बबनरावांनी भज्यांची कढई पायऱ्यांशेजारीच आणून ठेवली.

"बाई, तिसरा भाग आला की तारीख तुमालेच इचारतो," ते म्हणाले.

"तारीख कोणतीबी ठेवा, बबनभाऊ. लांबी मातर मले आधी सांगा."

घरी यायला दिवेलागणी उलटून गेली होती. वही काढून दिवसाची नोंद केली. तिच्या खाली लिहिलं: रात्री मुगाची खिचडी केली. ती शिजताना गॅसचा सिलिंडर संपला, दुसरा लावून घेतला.